दुमान बिचकली नाही

१

बेहीजेबाईंचं प्रेत सापडलं ते ऑक्टोबरातल्या वादळानंतरच्या सकाळी, उस्कुदारच्या बोटधक्क्याच्या पायऱ्यांखाली. आदल्या दुपारी त्या वेताच्या टोपलीत मांजर घालून कुझगुंजुकच्या घरातून निघाल्या होत्या. "दुमानला डॉक्टरला दाखवून येते," एवढंच भाचीला म्हणाल्या होत्या.

सरकारी डॉक्टरनं लिहिलं: डोक्याला मागून मार, फुप्फुसांत समुद्राचं पाणी, बुडून मृत्यू. दक्षिणेचा वारा सुटला की त्या धक्क्यावर लाटा चढतात. ओल्या पायऱ्या, सत्तरीची बाई. पोलिसांनी कागद बांधून ठेवले. टोपली आणि मांजर समुद्रानं नेली असं सगळे धरून चालले.

आठव्या दिवशी दुमान कुझगुंजुकच्या खिडकीत येऊन बसली. धुराच्या रंगाची म्हणून नाव दुमान. बरगड्या दिसत होत्या, पंजे सोलवटले होते, पण अंगावर खाऱ्या पाण्याचा मागमूस नव्हता. ती कुठून आली हे कुणी विचारलं नाही. मांजराला कोण विचारतो!

हे सगळं नेजाहतबाईंना कळलं जानेवारीत. उस्कुदारच्या जनावरांच्या दवाखान्यात तीस वर्षं मदतनीस म्हणून राबून त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. पण लोक त्यांना निवृत्त होऊ देतील तर ना! घर बदलायचं आणि मांजर सोबत न्यायची, की बोलवा नेजाहतताईंना. माणूस सामानासकट हलतो, मांजराचं तसं नसतं. त्याचा जीव भिंतींत, कोपऱ्यांत, उन्हाच्या पट्ट्यांत विखुरलेला असतो; तो गोळा करून न्यावा लागतो.

"गुरुवारी हलायचंय, ताई," सेल्विनाज म्हणाली. बेहीजेबाईंची भाची ती. शिवणाच्या कारखान्यात कामाला, चौतिशीची, डोळ्यांखाली काळं धरलेली. "मालकाला इमारत पाडायचीय."

"तिचं अंथरूण धुऊ नकोस. वाडगं तेच ठेव. नव्या घरात पहिले दहा दिवस एकच खोली, खिडक्या बंद. ती पलंगाखाली शिरेल, तीन दिवस बाहेर यायची नाही. ओढायचं नाही."

"जेवली नाही तर?"

"जेवेल. तुझी पाठ वळली की जेवेल. बाहेर सोडू नकोस, नाहीतर जुन्या घराकडे धूम ठोकेल. घर मिळालं कुठं?"

"सुलतानतेपेच्या चढावर, तिसरा मजला. भाडं नावापुरतंच. मावशीच्या चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला एक बाई आल्या होत्या, कुणाच्या ओळखीच्या नाहीत. दाराशी बसल्या होत्या, सगळा वेळ रडत. त्यांनीच आपणहून देऊ केलं. चार वर्षं बंद आहे म्हणाल्या. मावशीचं तंबूर रेडिओवर ऐकलं होतं म्हणे."

"तुझी मावशी तंबूर वाजवायची?"

"शिकवायची. आठवड्यातून चारदा शिकवणीला जायची, दुमानला घेऊन. त्या शिकणारणीला मांजर आवडतं म्हणायची." सेल्विनाज थांबली. "ते तंबूर मला सापडलंच नाही, ताई."

नेजाहतबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग सावकाश म्हणाल्या, "पोरी, वादळाच्या दिवशी दवाखान्यात मीच होते. तुझी मावशी आलीच नव्हती. त्या दिवशी नाही, आणि त्याच्या आधी दोन वर्षं नाही."

२

गुरुवारी शहरावर कोळशाचा धूर आणि धुकं असं एकत्र बसलं होतं की समोरचा माणूस खोकल्यावरून ओळखावा.

दारात जाहिदेबाई उभ्या होत्या, घर देऊ करणाऱ्या. चिमणीएवढी बाई, साठीची, विधवा. इमारत त्यांच्या भावाची, रऊफची. तो एके काळी बोटीवर कप्तान होता. बहीणभाऊ तळमजल्यावर राहत. टोपली दिसताच बाईंनी कठडा धरला.

"मांजर? मांजराचं बोलली नव्हतीस तू!"

"एवढीशी तर आहे, मावशी. त्रास देणार नाही."

"या घरात कधी मांजर आलेलं नाही. मला शिंका येतात."

"त्यांना मांजरानं शिंका येतात, माझ्या सिगारेटनं येतात, मी हसलो तरी येतात!" डोक्यावर गादी घेतलेला इल्हामी म्हणाला. तो पहिल्या मजल्यावरचा भाडेकरू, जुन्या फर्निचरचा धंदा करणारा. त्याच्याच तीनचाकी टेम्पोतून सामान आलं होतं. जाहिदेबाई हसल्या नाहीत. शिंकल्याही नाहीत.

तळमजल्याच्या उघड्या दारातून कप्तान दिसत होता. शेगडीपाशी बसलेला, डोळ्यांवर काळा चष्मा. त्यानं मान वळवली नाही. फक्त दुमानचा आवाज आला तेव्हा त्याच्या हातातला चहाचा पेला बशीवर किणकिणला.

वर जाऊन नेजाहतबाईंनी दार लावलं, टोपली जमिनीवर ठेवली, झाकण उघडलं आणि भिंतीला टेकून बसल्या. आता पोट जमिनीला घासत बाहेर येईल, भिंत धरून हुंगत जाईल, आणि पहिल्या अंधाऱ्या फटीत नाहीशी होईल. हजारदा पाहिलेलं दृश्य.

दुमान बाहेर आली ती शेपूट सरळ उभी करून. काहीही न हुंगता खोली ओलांडली. मागच्या खोलीत जाऊन, जमिनीपर्यंत लोळणाऱ्या जाड पडद्याकडे तिनं पाहिलं, आणि पडद्याच्या कडेतून आत उडी मारली. पलीकडे खिडकीची रुंद फळी होती. खोलीतून ती दिसत नव्हती. पण तिथं फळी आहे हे दुमानला माहीत होतं.

नेजाहतबाई गुडघ्यांवर बसल्या आणि दाराची चौकट तपासू लागल्या. जमिनीपासून वीतभर उंचीवर लाकूड तेलकट, तपकिरी झालं होतं. मांजर जाता-येता गाल घासतं, तेव्हा असा डाग पडतो. आणि असा गडद व्हायला वर्षं लागतात.

"काय झालं ताई? घाबरली का ती?"

"नाही," नेजाहतबाई म्हणाल्या. "तेच तर. ती नव्या घरात आलेली नाही, पोरी. ती घरी आलीय."

३

चौथ्या दिवशी सेल्विनाज त्यांच्या दारात उभी. केस विंचरलेले नाहीत, कामाला गेलेली नाही.

"ताई, त्या घरात मावशी आहे."

"बस आधी."

"चारची बोट भोंगा देते ना, त्या वेळी भिंतीतून सूर येतो. तंबुराचा. मी त्या आवाजात लहानाची मोठी झालेय, मला फसवू नका. मग जिन्यावर पावलं. हळूहळू वर येतात, आमच्या दाराशी थांबतात. दुमान धावत जाते, दाराला अंग घासते, घुरघुरते. मी दार उघडते... कुणी नसतं."

नेजाहतबाईंचा भुतांवर विश्वास नव्हता. पण त्याच दुपारी तिसऱ्या मजल्यावर धुक्यात बसल्यावर तो कितपत नाही, हे त्यांचं त्यांनाच सांगता येईना. खिडकीबाहेर नुसती पांढरी पोकळी. दुमान मागच्या खोलीतल्या भिंतीतल्या कुलूपबंद कपाटासमोर बसली होती, कान पुढे करून. खालून, पाण्यावरून, बोटीचा भोंगा लांबलचक घुमला.

आणि भिंतीतून उत्तर आलं. अगदी बारीक, कण्हल्यासारखं. एक तार थरथरली आणि विझली.

सेल्विनाजनं त्यांचा हात घट्ट धरला. मग पावलं. एक पायरी, थांबणं. पुन्हा एक पायरी. दुमान उठली, शेपूट दिवटीसारखी ताठ, दाराशी गेली आणि गळ्यातल्या गळ्यात लाडानं काहीतरी बोलली. पावलं दाराबाहेर थांबली. लाकडापलीकडे कुणीतरी श्वास घेत होतं.

नेजाहतबाईंनी उठून कडी काढेपर्यंत जिना रिकामा होता.

"जो कुणी येतो, त्याच्यावर हिचा जीव आहे," त्या म्हणाल्या.

"मग?" सेल्विनाज कुजबुजली. "हिचा जीव मावशीशिवाय कुणावर होता?"

४

दुसऱ्या दिवशी नेजाहतबाईंनी तिघांसोबत चहा घेतला.

इल्हामी गप्पिष्ट. "वरचा मजला झपाटलेला आहे, ताई. सहा वर्षं राहतोय, पण पहिल्या मजल्याच्या वर पाऊल टाकलं नव्हतं. परवा तुमच्या गाद्यांपायी गेलो, तेही देवाचं नाव घेत."

"कधी काही ऐकलंत?"

"बाजा ऐकलाय ना! दुपारचा. छान वाजवायचं भूत, खोटं कशाला बोलू?"

"अलीकडे?"

"उन्हाळ्यात. सप्टेंबरातही असेल."

"ऑक्टोबरच्या वादळानंतर?"

इल्हामीनं साखरेचा खडा पेल्यात टाकला आणि तो विरघळेपर्यंत ढवळत राहिला. "नाही," तो म्हणाला. "त्यानंतर नाही." पुढचा सगळा वेळ तो टेम्पोच्या बिघडलेल्या ब्रेकबद्दल बोलला.

जाहिदेबाईंनी चहाबरोबर तिळाची बिस्किटं मांडली. "चार वर्षं बंद होता मजला. कपाटाची किल्ली हरवलीय. तुम्हाला काय करायचंय कपाटाशी?"

"मांजर तिथून हलत नाही."

"उंदीर असेल. मांजराला दुसरं काय सुचणार!"

कप्तान रऊफ चष्म्याआड शांत होता. ऑक्टोबरात त्याच्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया झाली, नऊ दिवस पट्टी बांधून इस्पितळात होता. बेहीजे नावाची बाई? ओळखत नाही. वर्तमानपत्रात आलं होतं, तेवढंच माहीत.

नेजाहतबाई उठल्या. दारापर्यंत पोचल्या तोच तो मागून म्हणाला, "खाते ना ती?"

"कोण?"

"ते... मांजर. मासा उकडून द्यायला सांगा त्या पोरीला. कच्चा दिला तर ओकते."

खोलीत कोळसा तडतडला. कप्तानाला आपण काय बोललो ते तेव्हा उमगलं. "मांजरं," तो घाईघाईनं म्हणाला, "सगळीच ओकतात."

"नाही, कप्तानसाहेब," नेजाहतबाई म्हणाल्या. "सगळी नाही ओकत."

५

माणसं खोटं बोलतात, हे नेजाहतबाईंनी तीस वर्षं पाहिलं होतं. कुत्र्याला लाथ मारून 'जिन्यावरून पडला' म्हणणारी माणसं. जनावराचे कान मात्र खरं बोलतात. शनिवारी त्यांनी सेल्विनाजला सोबत बसवलं, दार लावलं आणि दुमानला मांडीजवळ घेतलं.

आधी इल्हामीला कोळशाची बादली वर आणायला सांगितली. जिन्यावर त्याचे जड जोडे वाजले. दुमाननं एक कान तिकडे वळवला, पुन्हा डोळे मिटले. अनोळखी पावलं. वर कधी आलो नाही हे इल्हामी खरंच सांगत होता.

मग जाहिदेबाईंना चहा आणायची विनंती केली. त्यांचं पाऊल तर पिसासारखं. पण पहिल्या मजल्याचं वळण ओलांडायच्या आतच दुमानचे कान डोक्याला चिकटले, पाठीवरचे केस उभे राहिले, आणि ती बाणासारखी पलंगाखाली गेली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती लपली होती. बाई ट्रे देऊन परत गेल्या तरी बाहेर आली नाही.

"तुझ्या घरी चाळिसाव्याला आल्या तेव्हा हिनं त्यांना पाहिलं होतं?"

"नाही, त्या दिवशी दुमान शेजारी ठेवली होती."

"आणि इथं आल्यापासून त्यांनी हिला हात लावलाय?"

"जवळसुद्धा आल्या नाहीत."

"म्हणजे ही भीती जुनी आहे."

चार वाजले. भोंगा. भिंतीतली तार. दुमान पलंगाखालून निघाली. जिन्यावर पावलं चढू लागली. या वेळी नेजाहतबाईंनी आपणच घातलेला नियम मोडला. पावलं थांबताच कडी काढली, दार सताड उघडलं आणि मांजराला जाऊ दिलं.

जिना खालपर्यंत रिकामा. दुमान क्षणभरही थांबली नाही. ती खाली गेलीच नाही. वर वळली, गच्चीकडे जाणाऱ्या अरुंद पायऱ्यांच्या वळणावर. तिथल्या अंधारात भिंतीला पाठ लावून एक उंच माणूस उभा होता, आणि ती त्याच्या घोट्यांना अंग घासत होती.

"कप्तान," नेजाहतबाई म्हणाल्या, "खाली या. भूत व्हायचं वय नाही तुमचं."

६

त्यांनी सगळ्यांना मागच्या खोलीत बोलावलं. इल्हामीकडूनच पेचकस मागून घेतला आणि कपाटाच्या बिजागऱ्या काढल्या.

आत तंबूर उभं होतं, लांब मानेचं. बाहेर भोंगा वाजला की हवेतल्या त्या घुमण्यानं त्याची तार आपोआप थरथरत होती. त्याच्या पायाशी वेताची टोपली, झाकणाची कडी तुटलेली, आणि बेहीजेबाई डोक्याला बांधत तो निळा रुमाल.

सेल्विनाजनं रुमाल उचलून तोंडाशी धरला. कप्तानानं चष्मा काढला. डोळे लाल, पाणावलेले. तो बहिणीकडे बघत होता.

"तू म्हणालीस, मी इस्पितळात गेलो त्याच दिवशी ती तंबूर घेऊन निघून गेली. मला टाकून गेली म्हणालीस."



"चौकटीवरचा डाग सहा-सात वर्षांचा आहे," नेजाहतबाई म्हणाल्या. "दुमान या घरात पिल्लू असल्यापासून यायची. शिकणारीण वगैरे कुणी नव्हती, सेल्विनाज. कप्तान होते."

"बोटीच्या दोरखंडात सापडलं होतं पिल्लू," कप्तान हलक्या आवाजात म्हणाला. "मी तिला दिलं. चारच्या बोटीनं माझी पाळी संपायची. ती इथं वाट बघायची. नोकरी सुटल्यावरही मी चारलाच वर यायचो. अजून पाय येतात. दाराशी पोचलो की आठवतं, आत ती नाही."

"वादळाच्या दिवशी तुम्ही इस्पितळात. बेहीजेबाईंना शस्त्रक्रियेची तारीख पुढची वाटत असणार, किंवा तुमची चौकशी करायला आल्या असतील. जिन्यावर त्यांना भेटलं कोण? जिच्या पावलांना हे मांजर अजून भितं, ती. टोपलीची कडी तिथंच तुटली, मांजर निसटलं आणि आठ दिवस चालून आपलं जुनं घर गाठलं. टोपली समुद्रात गेलीच नव्हती. पण जाहिदेबाई एवढ्याशा. चढावरून धक्क्यापर्यंत एकट्यानं काही नेणं त्यांच्यानं व्हायचं नाही. आणि या इमारतीत गाडी एकच आहे."

सगळे इल्हामीकडे वळले. "मी ढकललं नाही! मी आलो तेव्हा त्या जिन्याखाली पडलेल्या. जाहिदेबाई माझ्या पाया पडल्या. म्हणाल्या, 'भावाची अब्रू जाईल.' गालिच्यात गुंडाळलं, धक्क्याच्या पायऱ्यांवर ठेवलं आणि पळालो. त्या गेलेल्याच होत्या, देवाशपथ!"

"मी म्हटलं, वर जायचं नाही," जाहिदेबाईंचा आवाज दुरून आल्यासारखा होता. "अठरा वर्षं त्याचं जेवण मी केलं, कपडे मी धुतले. आणि सहा वर्षं तो मला एका शब्दानं न सांगता माझ्या डोक्यावर दुसरा संसार मांडून बसला होता. मी तिचा हात धरला. तिनं हिसका दिला. ओल्या होत्या पायऱ्या... मी तिच्या नाकाशी हात धरला होता. श्वास नव्हता. तंबूर जाळणार होते. शेगडीशी नेलं, पण जाळवेना. तुला घर दिलं, पोरी. दुसरं काय देणार होते?"

नेजाहतबाईंनी खिडकीकडे पाहिलं. मार बसलेल्या जनावराचा श्वास कधीकधी किती क्षीण होतो, घाबरलेल्या तळहाताला तो कसा लागत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. सरकारी कागदातली ती ओळही ठाऊक होती. ती बोलायची नाही असं त्यांनी मनाशी ठरवलं.

सेल्विनाजनं ठरवलं नव्हतं.

"फुप्फुसांत समुद्राचं पाणी होतं," ती म्हणाली. "मेलेली माणसं श्वास घेत नाहीत, मावशी. तुम्ही ठेवलंत तेव्हा ती जिवंत होती."

जाहिदेबाईंनी आपला उजवा हात वर केला, नाकाशी धरलेला तो हात, आणि जणू तो कुणा दुसऱ्याचा असावा तशा त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी शाल डोक्यावरून घेतली आणि इल्हामीला म्हणाल्या, "चल. आपण होऊनच जाऊ ठाण्यावर." तो लहान पोरासारखा त्यांच्यामागून गेला.

७

खोलीत तिघं उरली. कप्तान उघड्या कपाटासमोर उभा होता.

"मी समजत होतो, तिनं स्वतःच उडी घेतली," तो म्हणाला. "माझ्यामुळं. शेवटच्या दिवशी भांडलो होतो आम्ही. ती म्हणत होती, 'बहिणीला सांग, निकाह कर, या वयात चोरून जिने चढवत नाहीत.' मी म्हटलं, 'डोळे बरे होऊ देत, मग बघू.'"

"चाळिसाव्याला का नाही आलात?" सेल्विनाजनं विचारलं. तिच्या आवाजात दयामाया नव्हती.

"कोण म्हणून येऊ?"

बाहेर धूर खाली उतरत होता, दिवे लागायची वेळ झाली होती.

"कुठं आहे ती?" कप्तानानं विचारलं. "कबरस्तान माहीत आहे. ओळ माहीत नाही. दोनदा जाऊन आलो. डोळ्यांना दगडांवरची नावं दिसत नाहीत, आणि विचारणार कुणाला?"

"नाव नाहीच अजून," सेल्विनाज म्हणाली. "माती खचेपर्यंत दगड बसवत नाहीत. लाकडाची पाटी आहे नुसती. वसंतात कोरायला द्यायचंय."



"त्यावर," तो म्हणाला, "माझी बायको असं लिहिता येईल का?"

"निकाह झाला होता?"

"नाही."

"मग नाही लिहिता येणार."

नेजाहतबाईंना वाटलं, आता ही पोर त्याला घराबाहेर काढणार. पण सेल्विनाजनं खुंटीवरचा कोट काढून अंगात घातला. म्हाताऱ्याला पायऱ्या नीट दिसत नव्हत्या, म्हणून त्याच्या कोपराला धरलं.

"डावीकडून सातवी ओळ," ती म्हणाली. "सरूच्या झाडाखाली. चला, कबरस्तानाचं दार बंद व्हायच्या आत पोचू."

त्यांची पावलं जिन्यावरून उतरत गेली, एकीची घाईची, एकाची चाचपडत, आणि धुक्यात मिसळून गेली. नेजाहतबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. पायाशी बसलेली दुमानही ऐकत होती.